शाळेचा चार्ज बाईंकडे जायची वेळ आली की नकारपत्र येतं कुठून?

सागरवेल
नमस्कार मंडळी. रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी शिकवते. गावाचं नाव देत नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे.

आमचे मुख्याध्यापक मे अखेर निवृत्त होतायत. ज्येष्ठता यादीत त्यांच्यानंतर पहिलं नाव गणिताच्या बाईंचं. सेवेवर एक डाग नाही, दहावीचा गणिताचा निकाल दरवर्षी चांगला. यादीत दुसरं नाव एका सरांचं, बाईंना बरेच कनिष्ठ. सर माणूस म्हणून चांगले आहेत, तक्रार त्यांच्याबद्दल नाही.

बाईंना अजून कोणी काही विचारलेलंसुद्धा नाही. तरी स्टाफरूममध्ये सगळे सरांनाच 'पुढच्या वर्षी वेळापत्रक कसं लावणार?' म्हणून विचारतायत. संस्थेच्या सभेत त्यांना मुद्दाम बसवून घेतात. परवा तर हद्द झाली. संस्थेतले एकजण बाईंच्या यजमानांना बाजारात गाठून म्हणाले, "बाईंना या वयात कशाला डोक्याला ताप, एक कागद देऊन टाका म्हणावं." कागद म्हणजे नकारपत्र. नोकरी बाईंची, पद बाईंचं, आणि निरोप यजमानांकडे.

बाई घरी जाऊन रडल्या नाहीत की चिडल्याही नाहीत. मला म्हणाल्या, "मला जमेल की नाही हे मलाच कळत नाहीये गो." त्यांचं हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. तीस मुलांच्या वर्गाला प्रमेय समजावणाऱ्या बाईंना हा प्रश्न पडतो, आणि दुसऱ्या नंबरच्या सरांना पडत नाही, हे कशामुळे?

तुमच्याकडे काय घडतं? ज्यांनी पद घेतलं त्यांनी लिहा, ज्यांनी सोडलं त्यांनीही लिहा.

आबोली_कुडाळ
पहिली मी! जिल्हा परिषदेत आहे, द्विशिक्षकी शाळा. आमच्याकडे वेगळीच गंमत. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पाचवीपर्यंतच्या शाळेत १५० च्या वर आणि सहावी ते आठवीला १०० च्या वर पट असेल तर मुख्याध्यापकाचं स्वतंत्र पद. सिंधुदुर्गात असा पट किती वाड्यांत आहे? तरुण माणसं मुंबईला, पोरं त्यांच्याबरोबर. म्हणजे पद नाहीच, नुसता कार्यभार. आणि कार्यभार म्हणजे वर्ग सांभाळून सगळी कागदं.

तर अशा बिनपगारी कार्यभाराला बाई चालते! तिथे कोणी यजमानांकडे निरोप पाठवत नाही. मी कितीतरी वर्षं कार्यभार सांभाळते आहे. पण पटाची मोठी शाळा, खरं पद, केंद्रप्रमुखाची खुर्ची असं काही आलं की मग 'बाईंना झेपेल का' ही चर्चा सुरू होते.

दादर_सावंतवाडी
आबोलीताई, नेमकं बोललात. माझी आई अशीच कार्यभारावर निवृत्त झाली.

खाडीपलीकडे
मी निवृत्त शिक्षक. थोडं विरुद्ध बोलतो, राग मानू नये.

बाईंच्या हुशारीबद्दल प्रश्न नाही. पण कोकणात शाळा चालवणं हे शहरासारखं नाही. जुलैत रात्री झाड पडून कंपाउंड जातं. व्हरांड्यात संध्याकाळी दारू पिणारे बसतात, त्यांना उठवावं लागतं. गावात दोन गट असले की शिमग्याच्या पालखीवरून भांडण आणि ते शाळेच्या मैदानात येऊन थांबतं. सही-शिक्क्यासाठी तालुक्याला जाऊन शेवटची वस्तीची गाडी पकडायची, ती चुकली तर मुक्काम. मी हे सगळं केलं आहे. माझ्या बहिणीला करायला सांगितलं असतं का? नसतं सांगितलं. याला तुम्ही स्त्रीद्वेष म्हणणार असाल तर म्हणा. मी काळजी म्हणतो.

सुपारीबाग
खाडीपलीकडे सर, तुमच्याबद्दल आदर ठेवून विचारतो. व्हरांड्यात दारू पिणाऱ्यांना उठवणं हे मुख्याध्यापकाचं काम आहे की गावाचं आणि पोलिसांचं? मुख्याध्यापक पुरुष आहे म्हणून गाव ती जबाबदारी त्याच्यावर ढकलतं. ती मुळातच त्याची नाही.

मी घाटावरचा, गुहागर तालुक्यात नोकरी. एक गोष्ट इथे आल्यावर लक्षात आली ती सांगतो. जूनमध्ये शाळा सुरू होताना कामांच्या विभागणीचा तक्ता निघतो. मी सहज कपाटातले जुने तक्ते काढून बसलो. पोषण आहाराचा हिशेब, यू-डायसची (शाळांच्या सरकारी आकडेवारीची) माहिती, बांधकाम, क्रीडा, बँक, तालुक्याच्या बैठका: सगळीकडे सरांची नावं. परिपाठ, गीतमंच, स्वागत, रांगोळी, किशोरी मेळावा, पाहुण्यांचा चहा: सगळीकडे बाईंची. वर्षानुवर्षं हेच. एकाही बाईंनी कधी कॅशबुक लिहिलेलं नाही.

मग वीस-पंचवीस वर्षांनी ज्येष्ठतेने त्यांचा नंबर लागतो आणि सगळे म्हणतात, बाईंना कार्यालयीन कामाचा अनुभव नाही! अनुभव दिला कोणी? सागरवेल ताई, तुमच्या बाईंना 'जमेल की नाही' वाटतंय त्याची मुळं त्या तक्त्यात सापडतील. काढून बघा.

सागरवेल
सुपारीबाग, आत्ताच आठवून बघितलं. बाईंकडे गेली कित्येक वर्षं गणित प्रदर्शन आणि हळदीकुंकवाचं नियोजन. सरांकडे शिष्यवृत्ती, वेतनेतर अनुदानाचा हिशेब आणि तालुक्याच्या सगळ्या बैठका. गणित शिकवणाऱ्या बाईंकडे हिशेबाचं एकही काम नाही.

वहाळ
मी शिक्षिका नाही, पालक आहे. हे सगळं मुलांच्या वयातच सुरू होतं असं मला वाटतं.

माझी मुलगी सातवीत. शाळेत दरवर्षी मंत्रिमंडळाची निवडणूक होते. चिठ्ठ्या, खोक्याची मतपेटी, शाईचं बोट, सगळं रीतसर. लेकीला मुख्यमंत्री व्हायचं होतं. अर्ज भरायला गेली तर वर्गशिक्षक म्हणाले, "तू स्वच्छतामंत्री हो, तुझं अक्षर छान आहे, वर्ग नीटनेटका ठेवशील." अक्षराचा आणि झाडूचा काय संबंध हे मला अजून कळलेलं नाही. ती हट्टाला पेटली. उभी राहिली आणि दोन मतांनी पडली. घरी येऊन म्हणाली, "मुलींनी पण मला नाही दिली. त्या म्हणाल्या मुख्यमंत्री मुलगाच असतो."

मग मी पालकसभेत बोलले. सरांवर ओरडले नाही. एवढंच विचारलं की गेल्या काही वर्षांतले मुख्यमंत्री कोण कोण होते ते वाचून दाखवा. वाचता वाचता तेच थांबले. या वर्षीपासून एक वर्ष मुलगी, एक वर्ष मुलगा असं ठरलंय.

रापणकार
मी मास्तर न्हय. मालवणाकडचो, दर्यावरचो धंदो. आमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीचो अध्यक्ष होतंय म्हणान लिवतंय.

आमच्याकडे मुख्याध्यापिका बाई इल्यो तेव्हा गाव म्हणी, बाईमाणूस, पावसात शाळा गळाक लागली तर वर कोण चढतलो? आधीचे गुरुजी दर पावसात स्वता शिडी लावन कौलांवर चढत. भिजान वले होयत. गाव म्हणा, काय कामाचो माणूस!

बाईंनी काय केल्यानी? मे म्हयन्यातच माका बोलावन घेतल्यानी. सुताराक दाखवन कुजले वासे बदलूक लावल्यानी, फुटकी कौलां उतरवन नवी घातल्यानी, पन्हाळी साफ करून घेतल्यानी. त्या पावसात शाळा गळाकच नाय. आणि गाव काय म्हणता? "बाईंच्या येळेक काय काम पडलाच नाय, नशीब बरा!"

माका तेव्हा समाजला. शिडी चढलेलो सगळ्यांका दिसता. शिडी लागाक दिली नाय ता कोणाक दिसणा नाय. खाडीपलीकडे काकांनू, तुमी झाड पडल्यावर काय करतला ता सांगितलास. आमच्या बाईंनी पडाक इलेला झाड एप्रिलातच तोडून घेतल्यानी, ग्रामपंचायतीची परवानगी काढून.

आबोली_कुडाळ
रापणकार दादा, हे वाचून अंगावर काटा आला. केंद्राच्या बैठकीत वाचून दाखवणार आहे.

दादर_सावंतवाडी
पालखीच्या भांडणावरून आठवलं, थोडं अवांतर. आमच्या गावच्या दशावतारात लक्ष्मी, द्रौपदी, सगळ्या बायका पुरुषच उभ्या करतात. नऊवारी नेसून राणी दरबारात आज्ञा देते तेव्हा मांडावर सगळा गाव गप्प ऐकतो. लहानपणी मला प्रश्न पडायचा, राणीच्या वेशातल्या बाप्याचं ऐकतात, मग शाळेतल्या खऱ्या बाईंचं का ऐकत नाहीत? आजीला विचारलं तर म्हणाली, "नाटक सकाळी संपता रे."

वहाळ
आजीला नमस्कार!

मोहोर
मी ती 'सोडलेली' आहे. म्हणून लिहिते.

देवगड बाजूला माध्यमिकला होते. माझा नंबर आला तेव्हा मी हक्क सोडला. कोणी दबाव आणला नाही, यजमान तर घे म्हणत होते. मला वर्ग आवडतो. मराठी शिकवताना पोरांचे चेहरे बघण्यात जे सुख आहे ते परिपत्रकं वाचण्यात नाही. मुख्याध्यापक झालं की तास कमी, कागद जास्त. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर 'माहिती तातडीने सादर करावी' येतं. त्या मानाने मोबदला काहीच नाही. मी विचार करून नाही म्हटलं आणि आजही मला त्याचं वाईट वाटत नाही.

तेव्हा प्रत्येक नकारामागे अन्याय शोधू नका ही विनंती. बाईने पद घेतलं तरच ती खंबीर, हेही एक ओझंच आहे.

सुपारीबाग
मोहोर ताई, पूर्ण मान्य. फक्त एक विचारतो. तुमच्या शाळेत तुमच्यानंतर ज्यांचा नंबर होता त्या सरांनाही वर्ग आवडत असेलच ना? वर्ग आवडतो म्हणून पद सोडणारे सर तुम्ही किती पाहिलेत?

मोहोर
एकही नाही. तुमचा मुद्दा कळला. माझा निर्णय माझाच होता, पण एका बाजूच्या सगळ्यांचा निर्णय सारखाच येत असेल तर तो नुसत्या आवडीचा प्रश्न राहत नाही, हे खरं.

भरतीओहोटी
इथे नवऱ्यांपैकी कोणीतरी लिहायला हवं म्हणून लिहितो. माझी बायको चिपळूण भागात एका हायस्कूलची मुख्याध्यापिका आहे. मी बँकेत होतो, आता स्वेच्छानिवृत्त.

पद मिळालं त्या पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त फोन कोणाला आले असतील? मला! संस्थेचे लोक, पालक, पुस्तकवाला, गणवेशवाला. "साहेब, जरा मॅडमना सांगा ना, बिलावर सही राहिली आहे." सुरुवातीला मी निरोप पोचवायचो. मग एके रात्री ही म्हणाली, "तुम्ही निरोप घेताय तोवर ते मला फोन करणार नाहीत." दुसऱ्या दिवसापासून एकच उत्तर ठेवलं: "त्यांचा नंबर लिहून घ्या, शाळेच्या वेळेत करा." काहींना राग आला. एकाने तर गावात सांगितलं की नवरा-बायकोचं पटत नाही! पण गणपतीपर्यंत माझा फोन गप्प झाला आणि तिचा वाजायला लागला.

घरचं म्हणाल तर संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे. बांगड्याचं तिखलं मला तिच्यापेक्षा बरं जमतं, हे ती स्वतः सांगते. आईला आधी पटलं नाही. शेजारीण येऊन विचारायची, "भाऊ, आज तुमी चुलीकडे?" आता तीच कोकमं किती टाकायची विचारते.

सागरवेल ताई, बाईंच्या यजमानांना माझा निरोप द्या. बाजारात कोणी कागदाचं बोलला तर एवढंच म्हणावं, "हे तुम्ही तिलाच विचारा."

खाडीपलीकडे
सुपारीबाग आणि रापणकार यांचं वाचलं. झाडाचा मुद्दा चांगला आहे. पण माझा मूळ प्रश्न शिल्लक आहे. राहण्याची सोय, प्रवास, रात्रीची वेळ. बदल्यांच्या धोरणातसुद्धा महिलांसाठी प्रतिकूल गावांचा वेगळा विचार केलेला असतो, म्हणजे शासनानेच मान्य केलं आहे की अडचण खरी आहे. ती नाकारून बाईंना पुढे ढकललं तर त्रास बाईंनाच होणार.

आबोली_कुडाळ
काका, अडचण खरी आहे, मी ती रोज भोगते. दाभोळ-धोपावे फेरीबोटीने ये-जा करणाऱ्या माझ्या मैत्रिणीही भोगतात. पण ती अडचण शिक्षिका म्हणून येतानाही असतेच ना? त्याच खाडीवरून, त्याच गाडीने साधी शिक्षिका म्हणून यायचं तेव्हा कोणाला काळजी नसते. खुर्चीवर बसायचं म्हटलं की काळजी जागी होते. काळजी असेल तर शाळेजवळ नीट खोली मिळवून द्या, बाईंसाठी स्वच्छ संडास बांधा, बैठका दुपारी घ्या. पद काढून घेणं ही काळजीची रीत नाही.

नलूमावशी
उशिरा आले धाग्यावर. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं.

मी निवृत्त मुख्याध्यापिका. संगमेश्वर तालुक्यातली. खाडीपलीकडे भाऊ, तुमची पिढी माझीच, त्यामुळे हक्काने बोलते. कोकणात बायकांनी संस्था चालवणं ही काही आजची गोष्ट नाही. धोंडो केशव कर्वे आपल्या दापोलीजवळच्या मुरुडचे, जन्म खेडजवळच्या शेरवलीचा. त्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. हे सगळ्यांना पाठ असतं, भाषणात येतं. पण त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले देवरुखच्या, त्यांचं नाव किती भाषणांत येतं? लहान वयात विधवा झालेली बाई, पुढे त्याच आश्रमाची जबाबदारी सांभाळते, निधीसाठी गावोगाव फिरते, थेट अमेरिकेपर्यंत जाते. तेव्हा वस्तीची गाडीसुद्धा नव्हती. उत्तरेला बोर्डीला १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी काम उभं केलं, पुढे कोसबाडला अनुताई वाघांनी ते आदिवासी पाड्यांत चालवलं. त्यांना कोणी 'झेपेल का' म्हणून नकारपत्र मागितलं असतं तर?

एक आठवण लिहिते, कारण ती मला बोचते. मी पदावर आले तेव्हा एका बैठकीत सगळे मुख्याध्यापक खुर्च्यांवर बसले होते. अधिकारी आले, माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, चहा सांगता का जरा?" मी त्यांना माझ्या शाळेचं नाव सांगितलं आणि फाइल उघडून बसले. चहा शिपायाने आणला. कोणी काही बोललं नाही. पण त्यानंतरच्या बैठकीत त्यांनी माझ्या शाळेचा अहवाल पहिला मागितला. रागावण्याची गरज नसते नेहमी. आपली फाइल उघडून बसावं.

आणि एक. बायका बायकांच्या शत्रू वगैरे म्हणतात, तेही खोटं ठरवता येतं. माझ्या शाळेत पहिल्याच जूनमध्ये मी विभागणीचा तक्ता बदलला. कॅशबुक एका बाईंकडे, गीतमंच एका सरांकडे. सर कुरकुरले. गॅदरिंगला त्यांनी बसवलेला समूहगीताचा कार्यक्रम इतका सुंदर झाला की पुढे ते काम ते कोणाला देईनात.

दादर_सावंतवाडी
नलूमावशी, असंच लिहीत राहा. डोळ्यांची काळजी घ्या.

वहाळ
मावशींच्या तक्त्यावरून आठवलं. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात चित्रं बदलली होती, घरातली पुरुष मंडळीही भाजी निवडतायत अशी. तेव्हा केवढी चर्चा झाली! माझ्या धाकट्याने ते पुस्तक उघडलं, चित्र बघितलं आणि पुढचं पान उलटलं. त्याला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. मुलांना दाखवलं की मुलं स्वीकारतात.

रापणकार
समितीत निम्मी बायकां असाक होयी असो कायदोच असा. ग्रामपंचायतीतय २०११ पासून निम्म्या जागा. पयल्यांदा आमच्या समितीतल्यो बायको सही करून घराक जायत. बाईंनी बैठकीची येळ बदलल्यानी. सकाळी मासळीबाजार असता, तेव्हा बायको खयसून येतल्यो? दुपारी तीन वाजता ठेवल्यानी. पुढच्या बैठकीक त्येच बायको पोषण आहाराच्या तांदळाचो हिशेब विचारूक लागल्यो. तांदूळ घरात कोण मापता? मगे त्येंकाच समाजता, पोत्यात किती गेले ते.

सुपारीबाग
यू-डायस प्लसच्या २०२४-२५ च्या आकड्यांत देशातल्या शिक्षकांची संख्या एक कोटीच्या वर गेली आणि त्यात महिला निम्म्याहून जास्त, ५४ टक्क्यांच्या आसपास. वर्गात निम्म्याहून जास्त बाया, आणि आपल्या तालुक्यातल्या मुख्याध्यापकांच्या बैठकीचा फोटो बघा. प्रत्येकाने आपापल्या तालुक्याचा फोटो काढून मोजावं.

हेडक्लार्क_बोरू
मी एका संस्थेत वरिष्ठ लिपिक. सगळं वाचत होतो, आता मूळ प्रश्नाकडे येऊ, कारण सागरवेल ताईंकडे वेळ कमी आहे.

खासगी शाळांना १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आणि १९८१ ची नियमावली लागू. नियम ३ वाचा. शाळाप्रमुख म्हणून पात्रता आणि समाधानकारक सेवा असलेल्या ज्येष्ठतम शिक्षकालाच नेमायचं. संस्थेला कोण आवडतं हा प्रश्नच येत नाही. ज्येष्ठ शिक्षक स्वेच्छेने हक्क सोडत असेल तरच पुढच्याचा विचार. आणि स्वेच्छेने सोडत असल्याचं त्यांच्याकडूनच स्पष्ट लेखी हवं. यजमानांच्या तोंडी होकाराला शून्य किंमत. कोणी छापील मजकूर सहीला पुढे केला तर सही करू नये, 'विचार करून कळवते' म्हणून प्रत घ्यावी.

हेही लक्षात ठेवा: एकदा हक्क सोडला तरी पुढे पद रिकामं झाल्यावर पुन्हा विचार व्हायला त्याची आडकाठी नाही. मोहोर ताईंसारख्यांनाही हे लागू आहे.

आणि हक्क न सोडता डावलून खालच्याला नेमलं तर १९७७ च्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. मुदत ३० दिवस. मुदत गेली की धावाधाव होते, म्हणून आधीच सांगून ठेवतो. ज्येष्ठता यादी सगळ्यांना दाखवून सह्या घ्यायच्या असतात, त्या यादीची सही झालेली प्रत बाईंनी आत्ताच स्वतःकडे ठेवावी.

सागरवेल
बोरू दादा, तुमचा प्रतिसाद बाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "म्हणजे मी काहीच केलं नाही तरी पद माझ्याकडे येतं. सोडायचं असेल तरच मला काहीतरी लिहावं लागतं." इतकी वर्षं उलटं वाटत होतं त्यांना, की पद मागावं लागतं.

नंतर कॉफी पिताना त्यांनी विचारलं, कॅशबुक कसं लिहितात. सरांनाच विचारलं, स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर. आणि सरांनी खरोखर खुर्ची ओढून त्यांना दाखवलं. सरांना पद हवंय की नाही हेसुद्धा त्यांना कोणी विचारलेलं नसावं असं मला आता वाटायला लागलंय.

खाडीपलीकडे
नियम वाचला. नियमाप्रमाणे बाईंचंच नाव आहे तर बाईंनीच व्हावं, यात दुमत नाही. राहण्याच्या सोयीचा माझा आग्रह मात्र कायम. संस्थेने बाईंना शाळेजवळ खोली द्यावी. त्यासाठी पत्र लिहायचं असेल तर मसुदा मी देतो. पत्रं लिहिण्यात माझा हात चांगला आहे.

सागरवेल
काका, मसुदा नक्की द्या!
नलूमावशी, बाई विचारतायत, चार्ज घेताना काय काय बघायचं?

नलूमावशी
शाब्बास. सांगते.

घाई करू नका. निवृत्तीच्या दिवशी हारतुऱ्यांच्या गडबडीत यादीवर सही मागतात, ती करायची नाही. आठ-दहा दिवस आधीपासून एकेक बघायला घ्या. जनरल रजिस्टर पहिलं, पानं मोजून. दाखले याच्यावरच निघतात, एक खाडाखोड पुढे वर्षभर छळते. मग कॅशबुक आणि बँकेचं पासबुक शेजारी ठेवून शिल्लक जुळवा, बाई गणिताच्या आहेत, तासाभरात होईल. सगळ्यांची सेवापुस्तकं आहेत का, त्यात वेतनवाढीच्या नोंदी आहेत का. पोषण आहाराचा तांदूळ वजन करून, नोंदवहीवर विश्वास ठेवून नाही. प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि क्रीडा साहित्य डेडस्टॉक रजिस्टरप्रमाणे (टिकाऊ सामानाच्या नोंदवहीप्रमाणे) मोजा. जे नाही ते 'नाही' असं यादीत लिहूनच सही करा, नाहीतर हरवलेला सूक्ष्मदर्शक तुमच्या नावावर पडतो. कपाटांच्या किल्ल्या, शिक्के, संगणकाचे पासवर्ड लेखी घ्या. तक्रार समिती आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती नुसती कागदावर आहे की तिच्या बैठका झाल्यात तेही बघा, मुली असलेल्या शाळेत ते आधी.

बँकेत सही बदलायला वेळ लागतो, जूनचे पगार अडकतात. ठरावाची प्रत मे महिन्यातच तयार ठेवायला सांगा. बाकी काही अडलं तर माझा नंबर संपर्कातून पाठवते, रात्री नऊपर्यंत जागी असते.

हेडक्लार्क_बोरू
मावशींच्या यादीत एक भर: शालार्थ या ऑनलाइन पगार प्रणालीचं लॉगिन. तेही आधीच्या मुख्याध्यापकांसमोर बदलून घ्या, पगारबिल त्याशिवाय पुढे जात नाही.